खंडेनवमीची फाईल

"जात नाही ना? मग तसं लिहून द्या आणि मोकळ्या व्हा," गिरणीचे मॅनेजर खोतसाहेब म्हणाले.

कागद त्यांनी टाईप करूनच आणला होता. तांत्रिक बिघाडामुळे कॅमेऱ्याचं चित्रीकरण उपलब्ध करून देता येत नाही, एवढी एकच ओळ, आणि खाली माझं नाव, सुकेशिनी मगदूम, संगणक विभाग. विभाग कसला डोंबलाचा. इचलकरंजीजवळच्या त्या सूतगिरणीत संगणकाची म्हणून एक खोली होती, तिच्यात तीन जुनी यंत्रं होती आणि ती सांभाळणारी मी होते. एरवी मला कुणी विचारत नसे. सही हवी असली की माझा विभाग होई.

मी सही केली नाही. म्हटलं, फाईल चांगली आहे, इथं पडद्यावर नीट दिसते, फक्त बाहेरच्या ड्राइव्हवर उतरत नाही. सोमवारच्या सुनावणीआधी उतरवून देते.

"शनिवारी कॅमेरे बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस हे मशीन दुरुस्तीला घेऊन जाणार आहे," ते म्हणाले, आणि कागद माझ्या कीबोर्डवर ठेवून निघून गेले.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. दुरुस्तीला नेणार म्हणजे डिस्क पुसून आणणार, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, ती गिरणीही मी केव्हाच सोडली. पण जाताना त्यांनी तो कागद दोन बोटांनी हलकेच सरळ केला होता, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

कारण सगळा प्रश्न बोटांचाच होता. मालन सुतार, सगळी गिरणी जिला मालनक्का म्हणायची, ती कार्डिंग खात्यात होती. तिथं कापूस पिंजणारी मोठी यंत्रं असतात, आत बारीक दात्यांचे रूळ गरगरत असतात आणि त्यांच्यावर लोखंडी जाळी बसवलेली असते. रोज सकाळी पाळी सुरू झाली की जाळीवर बसलेला कापूस हातानं झटकायचा, ही तिची जन्माची सवय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तसाच हात फिरवला. यंत्रावर पूजेच्या झेंडूच्या माळा अजून लोंबत होत्या. त्यांच्याखाली जाळी नव्हती. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

गिरणीनं लिहून दिलं की कामगार महिलेनं साफसफाई लवकर उरकावी म्हणून स्वतःच जाळी काढली. म्हणजे चूक तिची. म्हणजे भरपाई नाही, आणि निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी केल्याची चिठ्ठी तिला इस्पितळातच मिळाली. नवरा मागेच गेलेला, घरात म्हातारी सासू, आणि कमावणारा हात तो एकच. पुढं खायचं काय, यापेक्षाही तिला आपण खोटं ठरलो हे जास्त लागलं होतं. तीस वर्षं यंत्रापाशी काढलेल्या बाईला कुणी जाळी काढू नये एवढीही अक्कल नाही म्हणावं, हे तिला सोसत नव्हतं.

जाळी कुणी काढली, ते मला माहीत होतं. मला काय, सगळ्या खात्याला माहीत होतं. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी चेअरमन स्वतः येणार होते, फोटो निघणार होते. जाळीवर कुंकू लावलं तर फोटोत दिसत नाही, खुद्द रुळालाच लावायचं, असं खोतसाहेबांनी ठरवलं आणि रावसो फिटरला जाळी काढायला लावली. संध्याकाळी रावसोनं ती परत बसवायची म्हणून विचारलं, तर राहू दे, दसऱ्याला पाहुणे बघायला येतील, असं उत्तर मिळालं. मग दसऱ्याची सुट्टी आली. सुट्टीनंतर रावसो विसरला.

हे सगळं रावसोनं मला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, ते अपघात झाला त्याच दुपारी. सुनावणीची तारीख पडल्यावर त्याला काही आठवेना. खात्यातल्या बायकांनाही आठवेना. मी एकेकीला गाठून विचारलं, तर कुणी सुताच्या बॉबिनकडं बघे, कुणी पोराच्या शाळेचं काढे. मालनक्काच्या डब्यातलं खाऊन वाढलेली माणसं ती. मी रावसोला सगळ्यांदेखत म्हटलं की तुझी जीभ पण रुळात गेली काय. तो मान खाली घालून पान्हे पुसत बसला. मी हे बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

राहिला साक्षीदार कॅमेरा. कार्डिंग खात्यात भिंतीवर एक होता, आणि त्याचं चित्रीकरण माझ्या खोलीतल्या एका मशीनमध्ये साठत होतं. ते मशीन लिनक्सवर चाले. खोतसाहेबांना ते उघडतासुद्धा येत नव्हतं, आणि मला पॉलिटेक्निकपासून त्याची सवय होती. खंडेनवमीला सकाळी माझ्याही खोलीतली यंत्रं पूजेसाठी बंद ठेवली होती. मालनक्कानंच तिथली पूजा केली, दुपारी मी यंत्रं सुरू केली, आणि मग चेअरमन आले. सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एका कॅमेऱ्याची एकच फाईल करायची, अशी त्या प्रोग्रामची रीत. अपघात झाल्याबरोबर खोतसाहेबांनी कॅमेरे बंद करवले. त्यामुळं पूजेच्या दुपारपासून अपघाताच्या सकाळपर्यंत सगळं एका सलग फाईलमध्ये राहिलं. ऐंशी जीबीच्या आसपास. साहेबांनी घाईत स्वतःच गाठोडं बांधून ठेवलं होतं.

मी कोल्हापूरला फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात फोन केला. कुडाळकर मॅडम म्हणून होत्या, सुनावणी त्यांच्याचपुढं होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, सोमवारी ड्राइव्ह घेऊन या, पण फाईल जशीच्या तशी हवी, तुकडे करून आणू नका. तुकडे आणले की वकील उठून म्हणतो, मधलं काढलं.

मला वाटलं, त्यात काय, कॉपीच तर करायची आहे.

बॅकअपच्या ड्राइव्ह खोतसाहेबांच्या कपाटात असत. एक मागून आणली, मशीनच्या मागं जोडली. पुढचे सॉकेट एजन्सीनं आतून जोडलेच नव्हते, मागं दोन होते तेवढेच. पहिल्या खेपेला चार जीबी उतरले आणि कॉपी थांबली, फाईल फार मोठी आहे असा संदेश. ते समजण्यासारखं होतं. ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती, त्या पद्धतीत चार जीबीच्या वर एक फाईल मावत नाही. मी ती नव्यानं फॉरमॅट केली आणि परत लावली. आता तासाभराचं काम, म्हणून चहा प्यायला गेले. परत येते तो स्क्रीनवर लाल अक्षरं. इनपुट आउटपुट एरर. ड्राइव्ह जणू कुणी उपटून काढल्यासारखी गायब झाली होती, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच नावानं परत आलेली.

पुन्हा लावली. पुन्हा तेच. एकदा दहा जीबीवर, एकदा तीसवर, एकदा तर सत्तर झाले आणि मी देवाचं नाव घेतलं तेवढ्यात गेली. छोटी फाईल लावली की सुरळीत उतरे. वायर बदलली, ड्राइव्ह बदलली, माझ्या मेव्हण्याच्या फोटो स्टुडिओतली नवी कोरी ड्राइव्ह आणून लावली, तीही तशीच. मशीनच्या नोंदी वाचल्या, त्यात एवढंच येई, जोडणी तुटली, जोडणी तुटली. का तुटली, ते सांगेल तर शपथ.

मधे एकदा खोतसाहेब येऊन माझ्या मागं उभे राहिले. त्या खेपेला मी पडद्यावरच्या खिडकीतून फाईल ओढून कॉपी लावली होती, आणि प्रगतीची पट्टी भरत भरत शेवटपर्यंत गेली. लिनक्समध्ये पट्टी भरली म्हणजे काम झालं असं नसतं. बराच माल आधी मेमरीत जातो आणि मग सावकाश ड्राइव्हवर उतरतो. मी सांगत होते की अजून हात लावू नका. "झालं की," असं म्हणून त्यांनी मागं हात घातला आणि ड्राइव्ह उपसून काढली.

मी उठून उभी राहिले. काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मगदूम, तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे, हे लक्षात असू द्या."

"अक्काची बोटं कुठपर्यंत होती साहेब?"

ते वळून चालते झाले. फाईल अर्धवटच उतरली होती. मूळ फाईल आणि उतरलेली फाईल सारखी आहे का हे बघायला दोन्हींचा एक लांबलचक आकडा काढतात. तो जुळला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत माझं डोकं पार कामातून गेलं. आता मला साहेबांपेक्षा त्या मशीनचाच जास्त राग यायला लागला होता. माणसं घाबरतात, पोटासाठी गप्प बसतात, ते एक वेळ समजतं. पण या पत्र्याच्या डब्याला कुणाची भीती? तोही साहेबांचीच बाजू घ्यायला लागला म्हटल्यावर मी त्याला एक सणसणीत लाथ घातली, चप्पल घालून बाहेर पडले आणि तडक मालनक्काच्या घरी गेले. तिला सांगायचं होतं की मला जमत नाही. फोनवर ते सांगायची माझी छाती झाली नाही.

ती दारात बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. उजवा हात पदराखाली. इस्पितळातून आल्यापासून तो तिनं कुणाला दाखवला नव्हता, जखम बांधणाऱ्या नर्सलासुद्धा ती तोंड फिरवून हात द्यायची. सासू आत खोकत होती. मला पाणी दिलं, चहा टाकू का विचारलं, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय, न्हाई म्हणाली व्हय ती बाई?"

मी सांगितलं की मॅडम नाही म्हणाल्या नाहीत, मशीनच नाही म्हणतं आहे. उद्या ते घेऊन जातील. मग सांगता सांगता माझा तोल सुटला आणि मी सगळ्यांचा उद्धार केला. खोताचा, रावसोचा, चेअरमनचा, खात्यातल्या बायकांचा, मग तांदूळ निवडत बसलेल्या तिचासुद्धा. म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही अक्का? तुमचा हात घेतला आणि वर तुम्हालाच खोटं पाडलं, आणि तुम्ही इथं खडे वेचत बसलाय.

"राग येतोय तर," ती म्हणाली. "पर तांदूळ कोण निवडणार? म्हातारी?"

मग तिनं विचारलं की नक्की होतं काय. मी तिला समजेल असं सांगितलं. या डब्यातलं त्या डब्यात घालायचं आहे. थोडं घातलं तर जातं, जास्त घालायला गेलं की मधेच तोंड मिटतं.

ती हसली. अपघातानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"खाईना म्हण की. आणि त्या दिवशी एवढा पोटभर घास घातला हुता की मी त्येला."

"कसला घास?"

"पूजेला गं. मी तुला इचारलं न्हाई का, ह्येचं तोंड कुटलं? तू म्हणालीस, मागच्या बाजूला, जिथनं वायरी जात्यात तिथनं खातंय त्ये. मग कुंकू लावलं, हळद लावली, आणि दोन्ही भोकांत चिमटीनं अक्षता घातल्या. खातंय तर खाऊ दे, म्हटलं."

मला सगळं आठवलं. मी त्या दिवशी घाईत होते, चेष्टेनं बोलले होते, आणि तिनं पाठ वळवून काय केलं ते बघितलंही नव्हतं. मी ताडकन उठले. ती विचारत राहिली की काय चुकलं का माझं, आणि मी धावता धावता ओरडून सांगितलं की नाही, काही नाही चुकलं.

गिरणीत पोचले तेव्हा दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती आणि नेहमीसारखी जमीन पायाखाली थरथरत होती. ती थरथर आम्हाला इतकी सवयीची की कुणाच्या ध्यानातही येत नसे. मशीन भिंतीपासून ओढून घेतलं, पाठ उजेडाकडं केली आणि मोबाईलचा टॉर्च लावला. दोन सॉकेट होते. दोन्हींच्या आत, अगदी तळाशी, तांदळाचे दाणे अडकलेले होते. हळदीनं पिवळे, कुंकवानं लाल, ओल्या हातानं लावलेले आणि आता वाळून घट्ट बसलेले. ड्राइव्हची पिन आत जाई, पण शेवटपर्यंत टेकत नसे. तशी टेकल्यासारखी राही, छोटं काम तेवढ्यात उरके, आणि मोठं काम चालू असताना त्या थरथरीनं ती कधीतरी तसूभर सरके. बस. एवढंच. इतके दिवस मी दाण्यांशी भांडत होते.

मशीन बंद केलं, केसातली पिन काढली आणि एकेक दाणा कोरून बाहेर काढला. मग कोरड्या टूथब्रशनं कुंकू साफ केलं. सॉकेटच्या वरच्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. करंगळीशेजारचं. देवाला कुंकू त्याच बोटानं लावतात. बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. ते बोट आता कुठंच नव्हतं, फक्त इथं होतं. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, इतका की हातातला ब्रश मोडला. ते बोट मी पुसलं नाही.

मशीन चालू करून ड्राइव्ह लावली. पहिल्यांदाच ती आत जाताना टक् असा आवाज झाला. कॉपी सुरू केली आणि दाराला आतून कडी घालून खुर्ची ओढून बसले. दहा गेले, तीस गेले, सत्तर गेले. जमीन थरथरत होती. पट्टी भरल्यावरही मी हलले नाही. सगळा माल खाली उतरेपर्यंत थांबण्याची आज्ञा दिली, ती पुरी झाल्यावर दोन्हीकडचे आकडे काढले. ते जुळले. तरी मी ते परत एकदा वाचले, पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून.

तेवढ्यात दार वाजलं. कुणीतरी साहेबांना कळवलं असणार. मी ड्राइव्ह काढून हातात घेतली आणि कडी उघडली, तर साहेबच होते. आवाज अगदी गोड करून म्हणाले, झालं का, छान, द्या इकडं, गिरणीतर्फे मीच सादर करतो. मी म्हटलं, मागच्या खेपेला तुम्ही काढलीत तेव्हा अर्धीच निघाली, या खेपेला मीच नेते.

"ती गिरणीची मालमत्ता आहे."

"नाही साहेब, ही माझ्या मेव्हण्याची आहे. गिरणीची तुमच्या कपाटात आहे, कोरी."

ते दारात उभे होते आणि मला बाहेर जायचं होतं. ते बाजूला झाले नाहीत. मी ड्राइव्ह पर्समध्ये टाकली, पर्स काखेत घट्ट धरली आणि त्यांच्या खांद्याला धक्का देऊन बाहेर पडले. घाबरून पळाले असं मागं बघणाऱ्यांना वाटू नये म्हणून अंगण मी मुद्दाम सावकाश चालत पार केलं. शनिवारी एजन्सीचा माणूस आला आणि मशीन घेऊन गेला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी तिथं यावं लागणार नाही. मालनक्काला भरपाई मिळाली, बसून करायचं कामही मिळालं. खोतसाहेबांची दुसऱ्या युनिटला बदली झाली, आणि ती शिक्षा होती असं कुणी मला पटवायला येऊ नये, कारण तिथला बंगला मोठा होता. माझं कंत्राट मार्चपर्यंतही टिकलं नाही. चेअरमनचा पूजेचा फोटो गिरणीच्या ऑफिसात अजून असेल. त्यात रूळ फार छान दिसतो.

पण सोमवारी कुडाळकर मॅडमच्या त्या छोट्या खोलीत जे झालं, ते माझ्यासाठी या सगळ्यापेक्षा मोठं आहे.

टेबलाच्या एका बाजूला खोतसाहेब आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला मी आणि मालनक्का. तिचा हात पदराखालीच. साहेबांनी आधी आपला जबाब दिला. पूजेच्या वेळी ते ऑफिसात चेअरमनसाहेबांच्या सरबराईत होते. कार्डिंगमध्ये आले ते दोन मिनिटं, प्रसादापुरते. जाळी कोण काढतं, कोण घालतं, हे बघणं फिटरचं काम. त्या वेळी यंत्रावर जाळी होती की नव्हती, हे त्यांच्या लक्षात नाही. असल्यास असेल.

मॅडमनी ड्राइव्ह जोडली आणि चित्र सुरू केलं. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. रावसो नट काढताना दिसला. मागं उभा असलेला सफारीतला माणूस हातानं इकडं, इकडं करत होता, पण त्याची कॅमेऱ्याकडं पाठ होती. वकील लगेच म्हणाला, हे साहेब कशावरून? जाळी उचलून भिंतीला टेकवली गेली. फुलं आली, माळा चढल्या, चेअरमन आले आणि गेले. मग नऊवारी नेसलेली मालनक्का तबक घेऊन पुढं आली. उघड्या रुळाला तिनं कुंकू लावलं, हळद लावली, हात जोडले. माणसं पांगायला लागली. आणि सफारीतला तो माणूस वळून तिच्यापुढं आला आणि त्यानं कपाळ पुढं केलं.

मालनक्कानं तबकात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाला टिळा लावला. मोठ्या मनानं, चांगला नाकापासून वरपर्यंत. मग त्या माणसाचं तोंड कॅमेऱ्याकडं झालं. खोतसाहेब हसत होते.

वकिलानं पेनाचं टोपण लावलं. साहेब म्हणाले की होय, ते आलेच होते, दोन मिनिटं, तसं त्यांनी म्हटलंच आहे, पण जाळीकडं लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

तेव्हा मालनक्का पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"साहेब, टिळा लावून घ्यायला वाकलासा न्हवं, तवा तुमचं डोळं त्या रुळावरच हुतं. ईतभर लांब. मला आठवतंय, कारण मी म्हटलं, जरा मागं व्हा साहेब, अंगरखा अडकंल. तुम्ही म्हणालासा, बंद हाय गं ते, उद्या परवा जाळी बसवू."

आवाज नसला तरी चित्रात ते दिसत होतं. वाकलेला माणूस, उघडा रूळ, बाईनं हातानं त्याला मागं सारणं, त्यानं रुळाकडं बघून हात झटकणं.

मॅडम लिहायला लागल्या. मालनक्का पुढं सरकून पडद्याकडं बघत होती.

"बाई, जरा मागं घ्या की ते."

मॅडमना वाटलं तिला काही दाखवायचं आहे. त्यांनी विचारलं, साहेबांचं तोंड दिसतं तिथं घेऊ का?

"न्हाई," मालनक्का म्हणाली. "साहेबांचं न्हवं. माझा हात बघायचाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि चित्र मागं घेतलं. तबक आलं. हात आला, पाचही बोटांचा, कामानं राठ झालेला. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडालं आणि वर गेलं. मालनक्कानं पदराखालून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला, पांढऱ्या पट्टीतला, आणि दोन्ही हातांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"आणि एकदा," ती म्हणाली.

खोतसाहेब खुर्ची मागं सारून उठायला लागले. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, आणि चित्र परत मागं घेतलं.